रायपूर : एका मिशीची सहा नावे

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेल्या गाडीत खिडकीबाहेरचा मुलूख बदलण्याआधीच डब्यातली भाषा बदलू लागते. गोंदियापर्यंत ‘जरा सरकून बसा हो’ कानावर येत असते. डोंगरगडला बम्लेश्वरीचे भाविक उतरतात, नवे प्रवासी चढतात आणि हिंदी-छत्तीसगडीचा गलबला सुरू होतो. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई मागे पडतात आणि सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर कापून गाडी रायपूरला लागते.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. भाताची कोठारे, पोलाद आणि सिमेंटचे कारखाने ही या शहराची ओळख. बस्तरच्या जंगलांकडे किंवा सिरपूरच्या विटांच्या देवळाकडे जाणारे प्रवासी येथे एखादी रात्र काढून पुढे निघतात. पण ज्याला शब्दांची गंमत आहे त्याने येथे दोन दिवस मुक्काम करावा. कारण हे शहर तीन-चार भाषांच्या वेशीवर वसलेले आहे आणि त्याचा प्रत्यय अगदी साध्या गोष्टीतही येतो. उदाहरणार्थ, मिशी.

एका खुर्चीत सहा शब्द

गोल बाजाराच्या आसपास न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत बसले की कारागीर विचारतो ती ‘मूंछ’. ही झाली शहराची हिंदी. गिऱ्हाईक आरंग किंवा अभनपूरकडच्या खेड्यातले असेल तर ते म्हणेल ‘मेंछा’. हा छत्तीसगडी शब्द. रायपूरहून विजयनगरमला जाणारा रेल्वेमार्ग ओडिशातून आंध्रात उतरतो. त्या वाटेने आलेली ओडिया आणि तेलुगू कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या राहतात. ओडिया माणूस मिशीला ‘निश’ म्हणतो, तेलुगू माणूस ‘मीसमु’. कालीबाडीच्या दुर्गापूजेला जमणाऱ्या बंगाली मंडळींची ती ‘गोंफ’. आणि तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात आजोबा आरशासमोर उभे राहून जिला कात्री लावतात ती ‘मिशी’.

ओठावरचे केस तेच, नावे मात्र सहा. त्यातली काही एकमेकांची सख्खी भावंडे आहेत, काही मानलेली, तर एखादे अगदीच परके. बंगाली ‘गोंफ’ संस्कृतातल्या ‘गुंफ’शी, म्हणजे गुंफण्याशी नाते सांगते. ‘मूंछ’, ‘मेंछा’ आणि ‘मिशी’ यांची नाळ मात्र दुसरीकडे पोचते.

भोसल्यांच्या मागोमाग आलेली मिशी

मराठी ‘मिशी’ रायपुरात पोचली ती नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर स्वारी केली. पुढे रघूजीराजांचे पुत्र बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. रतनपूरच्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांनी बांधले. दसऱ्याला सोने वाटण्याची चालही या भागात त्यांनीच रुजवली असे सांगतात. त्यांच्या काळात दफ्तरात मराठी आणि मोडी आली.

१८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. या प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कारकून, शिक्षक, वकील आणि डॉक्टर असा मराठी मध्यमवर्ग रायपूरला येत राहिला. १९५६ मध्ये प्रांतरचना बदलली, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर महाराष्ट्राच्या वाटेला लागले. रायपूरची मराठी घरे मात्र आहेत तेथेच राहिली.

त्या घरांनी या शहराला बरेच दिले. बुढा तलावाजवळच्या शाळेला ज्यांचे नाव आहे ते माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. सहकारी चळवळीत आणि स्वातंत्र्यलढ्यात पुढे असलेले वामनराव लाखे यांच्या नावाने लाखेनगर वसले आहे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात आजही गणपती बसतो, मराठी नाटके होतात.

पीळ, ताव आणि पण

सैनिकांबरोबर आलेल्या मिशीला मान होताच. मराठीत मिशीला पीळ देतात, तिच्यावर ताव देतात, मिशीतल्या मिशीत हसतात आणि हरल्यास ती उतरवून देण्याचा पण लावतात. हिंदीत अब्रू गेली की ‘मूंछ नीची’ होते. मुलगा वयात आला की मराठीत त्याला ‘मिसरूड फुटते’, तर हिंदीत त्याची ‘मसें भीगती हैं’. ‘मिसरूड’ आणि ‘मस’ हे शब्द शेजारी ठेवले की कान टवकारतात.

दाढीची तऱ्हा आणखी निराळी. मराठीत ‘दाढी राखणे’ म्हणजे वाढवणे आणि ‘दाढी करणे’ म्हणजे काढून टाकणे! परप्रांतीयाला हे समजावून सांगताना मराठी माणसाचीच पंचाईत होते. हा शब्द ‘दाढे’वरून आला. संस्कृत दंष्ट्रा, प्राकृत दाढा, मराठी दाढ आणि त्या दाढेवर उगवते ती दाढी. म्हणजे केसांना नाव मिळाले ते आतल्या दातांचे.

मिशी उतरवण्याचा प्रसंग मात्र दुःखाचा. वडील गेले की मुलाची मिशी जाते, ही चाल महाराष्ट्रात होती तशी छत्तीसगडातही आहे. म्हणूनच १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटासाठी स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांच्या मिशा काढायला लावताना दादासाहेब फाळके यांची दमछाक झाली, असे सांगतात. वडील हयात असताना मिशी कशी काढायची, हा त्यांचा प्रश्न. शेवटी तारामती झाले ते अण्णा साळुंके. छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातही स्त्रियांची कामे पुरुषच करीत. याच नाचाच्या कलावंतांना घेऊन रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर यांनी १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ रंगभूमीवर आणले आणि छत्तीसगडी बोली जगभर पोचवली.

मिशीचा हा मान सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही, हेही विसरता येत नाही. २०१७ साली गुजरातमधील गांधीनगर जिल्ह्यात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. त्यावर अनेक तरुणांनी आपल्या पिळदार मिशीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर झळकवून निषेध केला. दोन बोटे रुंदीच्या केसांत एवढा अर्थ साठतो तो शतकानुशतकांच्या सवयीने.

लाकडावर कोरलेली भाषा

या शब्दांचे मूळ शोधायचे तर रायपुरातच एक चांगली जागा आहे. राजनांदगावच्या महंत घासीदास यांच्या नावाचे संग्रहालय १८७५ साली सुरू झाले. देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी हे एक. सिरपूरच्या सुंदर धातुमूर्ती पाहायला येथे गर्दी होते. पण या संग्रहातला एक जुना लाकडी खांब तितकाच मोलाचा आहे. १९२१ साली किरारी गावच्या तळ्यात तो सापडला. शतकानुशतके पाण्याखाली राहिल्यामुळे तो टिकला. त्याच्यावर सुमारे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ब्राह्मी अक्षरे आहेत आणि भाषा आहे प्राकृत. राजदरबारातल्या अधिकाऱ्यांची नावे आणि हुद्दे त्यात दिले आहेत. नगररक्षकाला तेथे ‘नगररखी’ म्हटले आहे.

‘रक्षी’चे ‘रखी’ झाले, तसेच असंख्य शब्दांचे झाले. जड जोडाक्षरे जिभेवर घासून गुळगुळीत झाली. संस्कृतात दाढी-मिशीला शब्द आहे ‘श्मश्रु’. प्राकृतात त्याचे ‘मस्सु’ आणि ‘मंसु’ झाले. हिंदीतली ‘मस’ ही त्याचीच लेक. मूंछ, मेंछा आणि मिशी या शब्दांनाही भाषाशास्त्रज्ञ याच घराण्यात बसवतात. मराठीने तर मूळ शब्दही जपून ठेवला, फक्त त्याचा अर्थ फिरवला. जुन्या पिढीतील माणसे ‘आज श्मश्रू करायची आहे’ म्हणत, तेव्हा त्यांना दाढी वाढवायची नसे, न्हाव्याकडे जायचे असे.

मिशीच्या बाबतीत एक वाद मात्र आहे. कन्नडमध्ये मिशीला ‘मीसे’, तमिळमध्ये ‘मीसै’, तेलुगूत ‘मीसमु’ म्हणतात. मराठी ‘मिशी’ रूपाने हिंदीच्या ‘मूंछ’पेक्षा या दक्षिणी शब्दांच्या अधिक जवळ दिसते. तेव्हा मिशी घरची की दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडून आलेली, की उलट दक्षिणेनेच तो शब्द उत्तरेकडून उचलला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मराठी हे दोन्ही बाजूंना दारे असलेले घर आहे. कोणती वस्तू कोणत्या दाराने आत आली, हे नेहमी सांगता येत नाही.

बाल्टिक किनाऱ्यावरची हनुवटी

‘श्मश्रु’चे नातलग शोधीत निघाले की वाट भारताबाहेर फार लांबवर जाते. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठी लॅटव्हिया नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या २० लाखांच्या आत, राजधानी रिगा. सोव्हिएत संघ फुटताना १९९१ साली तो पुन्हा स्वतंत्र झाला. लॅटव्हियन आणि शेजारची लिथुआनियन या भाषांत जुने शब्द इतके टिकून आहेत की मराठी माणसाला त्यांतले कित्येक ओळखीचे वाटावेत. लॅटव्हियनमध्ये देवाला ‘दिएव्स’, धुराला ‘दूमि’, अग्नीला ‘उगुन्स’, अश्रूला ‘असरा’ आणि पुरुषाला ‘वीर्स’ म्हणतात. संस्कृत आणि या भाषा एकाच प्राचीन कुळातल्या, त्याची ही खूण.

त्या भाषेत ‘श्मश्रु’चा भाऊ आहे ‘स्मक्र्स’. पण त्याचा अर्थ दाढी किंवा मिशी नव्हे, तर हनुवटी! केसांचे नाव तेथे खालच्या हाडाला चिकटलेले. आपल्याकडे दातांचे नाव केसांना मिळाले, त्याच्या नेमके उलट. अल्बेनियन भाषेतल्या याच कुळातल्या शब्दाला दाढी आणि हनुवटी हे दोन्ही अर्थ आहेत. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात लिहिल्या जाणाऱ्या हित्ती भाषेतही दाढीचा शब्द याच मुळाचा आहे.

मग लॅटव्हियन माणूस मिशीला काय म्हणतो? ‘ऊसस’. आपल्या ‘मिशा’प्रमाणे हा शब्दही अनेकवचनीच वापरतात. दाढीला तो म्हणतो ‘बार्दा’, जिचे नाते इंग्रजी ‘बिअर्ड’शी आणि ज्यावरून ‘बार्बर’ आला त्या लॅटिन शब्दाशी आहे. ‘ऊसस’चा जोडीदार रशियन भाषेत ‘उसी’ आहे. आणि येथेही आपल्यासारखाच वाद! काही जाणकारांच्या मते हा शब्द शेजारच्या स्लाव्ह भाषांकडून आला. काहींच्या मते तो घरचाच आहे. घरचा मानणारे म्हणतात की मुळात त्यात ‘न’ होता, तो गळाला आणि आधीचा स्वर लांबला. हे पटायला मराठी माणसाला वेळ लागू नये. ‘दंत’चा ‘दात’ झाला तो असाच.

या मताला आधार मिळतो तो एका मेलेल्या भाषेतून. जुनी प्रशियन ही लॅटव्हियनची बहीण. सुमारे १४०० साली उतरवून घेतलेली तिची एक शब्दसूची उरली आहे. त्यात जेमतेम ८०० शब्द आहेत आणि त्यांपैकी एक आहे ‘वान्सो’. अर्थ : मुलाच्या ओठावर आणि गालावर येणारी पहिली लव. म्हणजे आपले मिसरूड! प्रशियन लोकांवर जर्मन सत्ता आली. बाजारात, चर्चमध्ये, कचेरीत जर्मन चालू लागली. आधी घराबाहेर, मग घरात मुले जर्मन बोलू लागली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्लेगने उरलेसुरले बोलणारेही नेले. मिसरूड फुटलेल्या पोराला त्या भाषेत चिडवणारे कोणी राहिले नाही. शब्द तेवढा कागदावर राहिला.

ताल्याच्या रुद्रशिवाची मिशी

हनुवटी आणि मिशी यांची अशी सांगड दगडात पाहायची असेल तर रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागावे. मनियारी नदीच्या काठी ताला येथे देवरानी-जेठानी नावाची दोन प्राचीन देवळे आहेत. देवरानी म्हणजे धाकटी जाऊ, जेठानी म्हणजे थोरली. १९८७-८८ च्या सुमारास देवरानी देवळाच्या आवारात एक विलक्षण मूर्ती मिळाली. अडीच मीटरहून उंच आणि काही टन वजनाची. तिला रुद्रशिव म्हणतात. पाचव्या-सहाव्या शतकातील या मूर्तीचा चेहरा प्राण्यांचा बनलेला आहे. नाकाच्या जागी खाली उतरणारी पाल, कानांच्या जागी मोर, मिशीच्या जागी दोन मासे आणि हनुवटीच्या जागी खेकडा!

मूर्तीचा नेमका अर्थ काय यावर विद्वानांचा खल चालू आहे. पण समोर उभे राहिल्यावर लहान मुलेसुद्धा बोट दाखवून एकेक प्राणी ओळखू लागतात. ‘ते बघ, माशांची मिशी’, असे मराठी घरातले मूल म्हणेल. शेजारचे छत्तीसगडी मूल ‘मेंछा’ म्हणेल. नदीकाठच्या त्या शिल्पकाराला दोन्ही शब्द ठाऊक नव्हते. तेव्हा हे शब्द आजच्या रूपात जन्मलेलेच नव्हते.

घरातला शब्द

रायपूरच्या मराठी घरांपुढचा प्रश्न येथेच येतो. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, मोलकरणीशी आणि भाजीवालीशी छत्तीसगडी. नागपूरकडचे ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ तर केव्हाच अंगवळणी पडले. सातवी-आठवीतल्या नातवाला ‘मूंछ’ कळते, ‘मिशी’ही कळते, पण ‘मिसरूड’ म्हटले की तो आईकडे पाहतो. सुनेच्या माहेरी हिंदी असेल तर तिलाही तो शब्द नवाच.

यात कोणाचा दोष नाही. सप्र्यांसारख्या मराठी माणसाने हिंदीची मनापासून सेवा केली म्हणून काही मराठीचे नुकसान झाले नाही. ‘मेंछा’ म्हणणाऱ्या छत्तीसगडी माणसाचीही तीच काळजी आहे. त्याच्या भाषेचे व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये लिहिले आणि ग्रियर्सन यांनी १८९० मध्ये ते इंग्रजीत आणले. २००७ साली छत्तीसगडीला राजभाषेचा मान देणारा कायदा विधानसभेने केला. तरी शहरातल्या कित्येक छत्तीसगडी घरांत मुलांशी हिंदीतच बोलले जाते. म्हणजे ‘मिशी’ आणि ‘मेंछा’ या दोघी एकाच नावेत आहेत.

शब्द बदलतात, शेजारच्या घरी जातात, अर्थही बदलून येतात. दाढीची हनुवटी होते, श्मश्रूची हजामत होते. त्याने भाषा मरत नाही, उलट ती जिवंत असल्याचेच ते लक्षण. भाषा मरते ती घरातली माणसे तिच्यात एकमेकांना हाक मारायचे, चिडवायचे, रागवायचे सोडतात तेव्हा. प्रशियन ‘वान्सो’ला तज्ज्ञ मिळाले, कोश मिळाले, पण पोराच्या ओठाकडे पाहून हसणारी आजी मिळाली नाही. रायपूरच्या मराठी आजीला ते अजून जमते. नातवाच्या ओठावर काळी रेघ दिसली की तिने ‘मिसरूड फुटलं हो आमच्या राजाला’ एवढे जरी म्हटले, तरी तो शब्द आणखी एका पिढीला पुरेल.

जायचे कसे?

रायपूर मुंबई-हावडा मार्गावर असल्याने नागपूरमार्गे जाणाऱ्या बहुतेक गाड्या येथे थांबतात. शहराबाहेर माना येथे स्वामी विवेकानंद विमानतळ आहे. नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, लहानपणी काही काळ रायपुरात राहिले होते. बुढा तलावात त्यांचा भव्य पुतळा आहे. तलाव, दूधाधारी मठ, जुनी वस्ती आणि संग्रहालय एका दिवसात पाहून होते. ताल्यासाठी वेगळा दिवस ठेवावा आणि तेथून पुढे बिंबाजींच्या रतनपूरलाही जाऊन यावे. हिवाळ्यात जाणे उत्तम, उन्हाळ्यात येथे अंगाची लाही होते. मुलांना बरोबर अवश्य न्यावे आणि वाटेत गाडीत भाषा कोणत्या स्थानकाला बदलली, ते त्यांनाच ओळखायला सांगावे.